पावसाळ्याच्या पुरुमेंतात फोनही हवा



मे महिना सरत आला की आपल्या पेडणे तालुक्यात घराघरांतून पुरुमेंताची लगबग सुरू होते. सुकी मासळी, मिरच्या, सोलां, तांदूळ, सुकी लाकडे यांची भरणी होते. कौले परतली जातात, गटारे साफ होतात, विहिरीचा कठडा पाहिला जातो. पावसाळ्याचे चार महिने सुखाने जावेत म्हणून आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेली ही शिस्त आहे. या यादीत आता आणखी एका वस्तूची भर घालायला हवी, असे आम्हांला वाटते. ती वस्तू म्हणजे फोन. वीज नसताना, वाट बंद असताना, घरात कोणी आजारी असताना चालेल असा एक तरी फोन.

फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे, मग त्याचे पुरुमेंत कसले, असे कोणी म्हणेल. खिशात आहे हे खरे. पण अगदी गरजेच्या वेळी तो चालतो का, हा प्रश्न आहे.

16 मे 2021 चा रविवार आपण कोणीच विसरलेलो नाही. त्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. माड, काजू, फणस, आंबे उन्मळून वीजवाहिन्यांवर पडले, खांब मोडले आणि गोव्याचा मोठा भाग अंधारात बुडाला. वीज खात्याचे लाईनमन भर पावसात रात्रंदिवस राबले. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. तरीही आतल्या वाड्यांवर वीज परत यायला दिवसांमागून दिवस गेले. विजेच्या मागोमाग बऱ्याच ठिकाणी फोनही गेला.

ते दिवस साधे नव्हते. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. 9 मेपासून राज्यात संचारबंदी होती. अनेक रुग्ण घरच्याच एका खोलीत विलगीकरणात होते. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि त्यावरचा आकडा डॉक्टरांना फोनवर कळवायचा, हाच त्यांचा उपचार. आकडा खाली गेला तर रुग्णवाहिका बोलवायची, तीही फोनवरच. अशा घरातला फोन मुका होणे म्हणजे दवाखान्याचे दार बंद होणे. ज्यांची मुले मुंबईला, आखातात किंवा बोटीवर नोकरीला आहेत, अशा म्हाताऱ्या आईवडिलांचे आणि तिकडे दूर बसलेल्या त्या मुलांचेही काय झाले असेल, याची कल्पना आपण सर्वजण करू शकतो.

वीज गेली तर फोन का जावा?

हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या तासाला विचारायला हवा. कारण घराघरांत तारेचा फोन होता तोवर असे होत नसे. दिवे गेले, पंखा थांबला, तरी कोपऱ्यातल्या टेबलावरचा तो काळा किंवा लाल फोन वाजत असे. त्याला घरची वीज लागतच नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची मोठी रांग असे. तिथून 48 व्होल्टचा सौम्य पुरवठा तांब्याच्या तारेतून थेट आपल्या घरातल्या यंत्रापर्यंत येई. त्याच तारेतून आवाज जाई आणि त्याच तारेतून घंटा वाजे. बाहेरची वीज गेली तर एक्स्चेंजच्या बॅटऱ्या असत, बॅटऱ्या उतरू लागल्या तर जनरेटर असे. फोन जिवंत ठेवण्याची काळजी टेलिफोन खात्याने घ्यायची, ग्राहकाने फक्त रिसीव्हर उचलायचा, अशी ती व्यवस्था होती.

जुने ते सगळे सोने होते असे आमचे मुळीच म्हणणे नाही. फोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, हे पालकांना आठवत असेल. पावसात तारा तुटत, आवाजात खरखर येई आणि अख्ख्या वाड्याला मिळून एखादाच फोन असे. परंतु त्या काळातल्या काही माणसांनी आपल्या परिस्थितीचा विचार करून यंत्रे बनवली, हे विसरता येत नाही. 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी 128 लाइनींचे एक छोटे एक्स्चेंज तयार केले. धूळ असणार, उकाडा असणार, विजेचा भरवसा नसणार, हे गृहीत धरूनच ते रचले होते. त्याला वातानुकूलित खोलीची गरज नव्हती. असे पहिले एक्स्चेंज 1986 साली बसले ते आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर गावात. अडचण येणारच असे धरून चालणारे यंत्र अडचणीत टिकते. आम्हांला त्यातून घेण्यासारखा धडा हाच वाटतो.

आता नव्या फोनकडे पाहू. तांब्याच्या तारेची जागा फायबरने घेतली. फायबर ही काचेची तार. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे भिंतीवर बसवलेल्या त्या छोट्या डब्याला आपल्या घरचीच वीज लागते. घरची वीज गेली की डब्यातला दिवा विझतो, इंटरनेट जाते आणि त्यावर जोडलेला फोनही जातो. बिनतारी रिसीव्हरचेही तेच. यंत्र कितीही आधुनिक असो, प्लगमध्ये वीज नसेल तर ते शोभेची वस्तू होते.

राहिला मोबाईल. त्याचा प्राण टॉवरमध्ये. टॉवरच्या पायथ्याशी बॅटऱ्या असतात, त्या साधारणतः काही तासांपुरत्या. त्यानंतर जनरेटर, जनरेटरला डिझेल, डिझेल आणायला गाडी आणि गाडीला रस्ता. वादळात नेमका रस्त्यावरच झाड आडवे पडलेले असते! शिवाय टॉवर एकटा काम करीत नाही. तो केबलने किंवा लहरींनी पुढच्या केंद्राशी जोडलेला असतो. अनेक ठिकाणी ही केबल विजेच्याच खांबांवरून टांगत नेलेली असते. फणसाची एक फांदी कोसळली की विजेची तार आणि फोनची केबल दोन्ही एकदमच खाली येतात. म्हणून कधीकधी टॉवरवर वीज असूनही फोन चालत नाही.

या सगळ्याचा अर्थ आम्ही असा घेतो. पूर्वी फोन जिवंत ठेवण्याची जबाबदारी एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत होती. तांब्याची तार गेली तेव्हा त्या जबाबदारीचा मोठा वाटा गुपचूप आपल्या ओसरीवर येऊन बसला. तो घरातल्या डब्यापाशी आला, मोबाईलच्या चार्जिंगपाशी आला, रस्त्यात पडलेल्या झाडापाशी आला. हे आपल्याला कोणी पत्र लिहून कळवले नाही. म्हणून आपणच ते ओळखले पाहिजे आणि त्याची तयारी केली पाहिजे.

बातमी पोहोचली नाही तर

फोन बंद पडणे ही गैरसोय आहे, तिचा एवढा बाऊ कशाला, असे वाटणाऱ्यांनी आपल्या आसपासच्या घटना आठवून पाहाव्यात.

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. शहरात वीज बंद झाली, टॉवर बंद पडले, जे चालू होते त्यांवर एवढी गर्दी झाली की फोन लागेना. लाखो माणसे रस्त्यांवर, गाड्यांत, कचेऱ्यांत अडकलेली आणि घरच्यांना त्यांचा पत्ता नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत शहराची ही गत झाली.

30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. ही बातमी जगाला कळली कशी? नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव दिसेचना, तेव्हा. एवढा मोठा घाला पडला, पण हाक मारायला गावात कोणी उरले नव्हते. माळीणची गोष्ट फोनच्या बिघाडाची नाही, हे आम्ही जाणतो. पण गावातून येणारा आवाज थांबला तर तो थांबल्याची दखल घेणारे बाहेर कोणीतरी असले पाहिजे, हे ती शिकवते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. रायगड आणि रत्नागिरीतील पुष्कळ गावांत वीज आणि फोन परत यायला दिवस नव्हे, आठवडे लागले. पुढच्याच वर्षी 22 जुलैला चिपळूण आणि महाड बुडाले आणि तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्या भागात पुराने रस्ते, वीज आणि फोन एकदमच तोडले होते.

आणि अगदी आपल्या उंबऱ्यावरचे पाहायचे तर ऑगस्ट 2019. तिळारी धरणातून पाणी सोडल्यावर नदीला पूर आला आणि आपल्या तालुक्यातील इब्रामपूर, चांदेल, हसापूर तसेच डिचोलीतील साळ या भागांत पाणी घुसले. धरणाच्या पाण्याची गोष्ट वादळासारखी नसते. वरच्या अंगाला पाणी सोडले की खालच्या गावांना सावध व्हायला काही तासच मिळतात. त्या तासांत निरोप पोहोचला तर गुरे सुटतात, म्हातारी माणसे वरच्या घरी नेता येतात, कागदपत्रे उचलता येतात. निरोप न पोहोचला तर पाणी स्वतःच येऊन सांगते.

सरकारने केले आहे ते आणि उरले आहे ते

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी आता 112 हा एकच क्रमांक देशभर आहे. 108 ची रुग्णवाहिका गोव्यात 2008 पासून धावते आहे. 2023 साली आपल्या मोबाईलवर अचानक मोठा भोंगा वाजून संदेश झळकले होते आणि मुले दचकली होती, ते आठवत असेल. ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. एखाद्या भागातल्या सर्व फोनना एकाच क्षणी इशारा देण्याची ती पद्धत आहे. एका कंपनीचा टॉवर बंद पडला तर त्याच भागातील दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून फोन लागावा, अशीही सोय आपत्तीच्या वेळी दूरसंचार खाते सुरू करायला लावते. ऑगस्ट 2025 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये पूर आला तेव्हा ती सुरू केली होती.

या सोयी चांगल्या आहेत. पण त्या सर्वांना दोन गोष्टी लागतात. एक, जवळपास कोणाचा तरी टॉवर जिवंत असणे आणि दुसरी, हातातल्या फोनमध्ये चार्जिंग असणे. दुसरी गोष्ट दिल्लीहून किंवा पणजीहून कोणी पुरवू शकत नाही.

इतर देशांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये 1995 च्या कोबे भूकंपानंतर 171 या क्रमांकाची सेवा 1998 साली सुरू झाली. संकटात सापडलेल्या माणसाने त्यावर आपला निरोप बोलून ठेवायचा आणि नातेवाइकांनी आपल्या सवडीने तो ऐकायचा. म्हणजे एकाच वेळी सगळ्यांनी एकमेकांना फोन लावून लाइन तुंबत नाही. तिथे निवाऱ्यासाठी ठरवलेल्या शाळांत आपत्तीच्या वेळी जोडायच्या टेलिफोनच्या लाइनी आधीच ओढून ठेवतात. ही गोष्ट आम्हांला फार भावली. अमेरिकेत 2015 साली असा नियम झाला की घरच्या वीजेवर चालणारा फोन देणाऱ्या कंपनीने ग्राहकाला आठ तासांच्या बॅटरीची सोय विकत घेण्याचा पर्याय द्यावा, आणि पुढे चोवीस तासांच्या बॅटरीचाही. म्हणजे 'वीज गेल्यावर तुमचा फोन बंद पडेल' हे तिथे 2025 साली त्या नियमाची मुदत संपेपर्यंत ग्राहकाला निदान सांगावे तरी लागत होते.

काही आक्षेप

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, ते आधीच विचारात घेतलेले बरे.

पहिला आक्षेप: आम्ही बिल भरतो, फोन चालू ठेवणे कंपनीचे काम आहे. अगदी बरोबर, आणि ते काम आपण कंपन्यांकडून मागून घेतलेच पाहिजे. पण मागणीला आकडा हवा. 'सेवा सुधारा' या अर्जाला 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी पंचायतीने लेखी विचारावे: आमच्या हद्दीतील टॉवरची बॅटरी किती तास चालते? जनरेटर आहे काय? डिझेल कोण आणतो आणि त्याचा क्रमांक काय? प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके द्यावे लागते.

दुसरा आक्षेप टॉवरच्या भीतीचा. गोव्यात अनेक गावांत टॉवरला विरोध झाला आहे, आणि काळजीपोटी प्रश्न विचारणाऱ्यांची चेष्टा करू नये असे आम्हांला वाटते. मात्र सप्टेंबर 2012 पासून भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे, हेही लक्षात घ्यावे. टॉवर नको आणि नेटवर्क मात्र हवे, या दोन्ही गोष्टी एका ग्रामसभेत मागता येत नाहीत. मोजमाप करून घ्या, जागा नीट ठरवा, आणि परवानगी देताना बॅटरीची व जनरेटरची अट घाला. विरोधापेक्षा अटीचा उपयोग गावाला अधिक होईल.

तिसरा आक्षेप खर्चाचा: वर्षातून चार दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला? छत्रीही वर्षातले चारच महिने लागते. आणि ते चार दिवस कोणते असतात याचा विचार करावा. ते घरात दमेकरी असतानाचे, सुनेचे दिवस भरलेले असतानाचे, चवथीला गावी यायला निघालेला मुलगा वाटेत अडकलेला असतानाचे दिवस असू शकतात.

मग काय करावे?

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'आग लगने पर कुआँ खोदना' म्हणतात, मराठीत 'तहान लागली की विहीर खणणे'. एका भाषेला आग दिसली, दुसरीला तहान. पण विहीर आधीच खणून ठेवावी याबद्दल दोघींचे एकमत आहे. तेव्हा विहीर खणण्याची कामे आम्ही चार ठिकाणी वाटून देतो.

प्रथम घर. वादळाचा इशारा आला की सर्व फोन, पॉवर बँक आणि टॉर्च भरून ठेवावेत. घरातील एक साधा बटणांचा फोन फेकून देऊ नये. त्याची बॅटरी कित्येक दिवस टिकते. वीज गेल्यावर फोनचा प्रकाश कमी करावा, इंटरनेट बंद ठेवावे, आणि नेटवर्क मुळीच नसेल तर फोन विमानातल्या मोडवर टाकून तासा-दोन तासांनी एकदा पाहावे. कारण नेटवर्क शोधत बसलेला फोन लवकर उतरतो. नेटवर्कची निवड 'आपोआप' वर ठेवावी, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरण्याची सोय सुरू झाली तर तिचा लाभ मिळेल. लाइन तुंबलेली असताना बोलण्यापेक्षा एसएमएस पाठवावा. तो थोड्या जागेतून जातो आणि रांगेत थांबून वाट मिळताच पोहोचतो. 'फक्त आणीबाणीचे कॉल' असे पडद्यावर दिसत असेल तर निराश होऊ नये. त्या वेळी 112 लावून पाहावा. आणि पेन्सिल सेल घातलेला एक ट्रान्झिस्टर घरात असावा. फोन मुका झाला तरी आकाशवाणी पणजी बोलत असते.

दुसरे ठिकाण वाडा. प्रत्येक वाड्यावर इन्व्हर्टर असलेले एखादे घर, दुकान किंवा देवळाचा सभामंडप असतोच. ती जागा 'चार्जिंगची जागा' म्हणून आधीच ठरवावी. ज्यांच्या घरी एकटी म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण किंवा गरोदर स्त्रिया आहेत त्यांचा फोन प्रथम. त्यांची यादी कागदावर असावी, कारण फोनमध्ये ठेवलेली यादी फोनबरोबर जाते. एखाद्या घराचा फोन दिवसभर लागला नाही तर कोणी जाऊन पाहायचे, तेही ठरलेले असावे. माळीणच्या एसटीने जे केले ते काम शेजाऱ्याने केले तर ते वेळेवर होईल.

तिसरे ठिकाण पंचायत. टॉवरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील धोक्याच्या फांद्या पावसाआधी छाटाव्यात, आणि वादळानंतर तो रस्ता पहिल्या रस्त्यांमध्ये मोकळा करावा. टॉवरला डिझेल पोहोचले तर शंभर घरांना फोन मिळतो. खांबांवरून लोंबणाऱ्या केबल कोणाच्या आहेत हे विचारून त्या नीट बांधायला लावाव्यात.

चौथे ठिकाण आपली शाळा, आणि इथे आमची विश्वस्त मंडळींना नम्र विनंती आहे. गावात पक्की इमारत, मोठे आवार आणि सर्वांना ठाऊक असलेली जागा म्हणजे शाळा. जपानच्या शाळांप्रमाणे आपली शाळाही संकटात फोन लागण्याची जागा व्हावी. त्यासाठी फार मोठा खर्च नाही. हिशेब विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावा. 12 व्होल्ट आणि 150 अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी म्हणजे 12 गुणिले 150, एकूण 1800 वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करू नये म्हणून त्यातले निम्मे, म्हणजे 900 धरू. एक मोबाईल पूर्ण भरायला वाटेतली घट धरून सुमारे 25 वॅट-तास लागतात. म्हणजे एका बॅटरीवर 36 मोबाईल भरतात. किंवा फायबरचा डबा 12 वॅटचा असेल तर तो एकटा 75 तास चालतो, म्हणजे तीन दिवस. त्याला छपरावर सोलर पॅनेलची जोड दिली तर ढगाळ दिवसातही थोडी भर पडत राहील. एक इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या, एक पॅनेल आणि निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे घातलेले दोन साधे फोन, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. बॅटरीतील पाणी दर महिन्याला पाहण्याचे आणि दर तीन महिन्यांनी मुख्य स्विच बंद करून सर्व काही चालते का ते तपासण्याचे काम विज्ञान मंडळाकडे द्यावे. जे यंत्र कधी तपासले जात नाही ते वेळेवर दगा देते.

विद्यार्थी मित्रांनो,

शाळेत मोबाईल आणायचा नाही हा नियम कायम आहे, तेव्हा हा लेख वाचून कोणी हुरळून जाऊ नये! उलट तुमच्यासाठी मोबाईल नसतानाचाच अभ्यास आहे. आईचा, वडिलांचा आणि एका शेजाऱ्याचा असे तीन क्रमांक तोंडपाठ करा. दहा अंकी संख्या पाठ करणे कठीण नाही. तुम्ही याहून अवघड गोष्टी पाठ करता. आज फोन आपल्यासाठी सर्व क्रमांक लक्षात ठेवतो, म्हणून आपण एकही ठेवीत नाही. उतरलेल्या फोनसमोर ती सवय अंगलट येते.

112 वर बोलायचे कसे तेही शिका. प्रथम ठिकाण सांगा, मग काय झाले ते, मग आपले नाव. ठिकाण सांगताना नुसते पार्से म्हणू नका; वाडा, जवळचे देऊळ किंवा दुकान, आणि मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचे ते सांगा. मध्येच लाइन तुटली तरी ठिकाण कळलेले असले पाहिजे. गंमत म्हणून हा क्रमांक कधीही लावू नका. तुमची गंमत चालू असताना कोणाचा तरी खरा फोन रांगेत थांबलेला असतो. पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, 1912 वर वीज खात्याला कळवा. आणि खात्री नसलेली बातमी पुढे पाठवू नका. अफवा लाइनही अडवते आणि माणसांची मतीही.

या महिन्यात प्रत्येक वर्गशिक्षक विद्यार्थ्यांना एक छापील कार्ड देतील. त्यावर घरचे तीन क्रमांक, 112, 108 आणि 1912 हे क्रमांक, आणि आपल्या वाड्यावरील चार्जिंगची जागा लिहायची आहे. पालकांनी ते पाहून सही करावी आणि एक प्रत स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर लावावी. पालक-शिक्षक संघाच्या येत्या सभेत वाड्यावार जागा नक्की करू आणि ती यादी पंचायतीला देऊ. विश्वस्त मंडळींनी इन्व्हर्टरच्या विषयाला त्याच महिन्यात मंजुरी दिली तर या पावसाच्या जोराआधी तो बसेल.

पुरुमेंत भरणारी बाई पाऊस किती पडणार याचा अंदाज बांधत बसत नाही. तो पडणार एवढे तिला पुरते. वादळही कधीतरी येणारच आहे. ते येईल तेव्हा आपल्या गावातून गेलेली हाक कोणाला तरी ऐकू गेली पाहिजे.

आपले,
मुख्याध्यापक